‘व्हिसा आला की…’

तुमच्या नात्यात, सोसायटीत किंवा कॉलेजच्या सीनियर बॅचमध्ये अशी एक तरी ताई असतेच. लग्न झालंय, फोटो इन्स्टावर आहेत, नवरा न्यू जर्सीत नाहीतर टेक्ससमध्ये आणि ही मात्र अजून पुण्यात, नाशकात किंवा कोल्हापुरात. नोकरी सोडली, कारण ‘आता काय, व्हिसा कधीही येईल’. पुढच्या कोर्सला अ‍ॅडमिशन घेतली नाही, कारण तेच. कुणी विचारलं की हसून सांगते, ‘प्रोसेसमध्ये आहे’. मग वर्ष जातं, दीड वर्ष जातं, विचारणारेही विचारायचे थांबतात आणि ते तर जास्तच लागतं.

डिसेंबर २०२५ मध्ये अशा ताईंच्या (आणि काही दादांच्याही) संख्येत एकदम भर पडली. एच-वन बी हा अमेरिकेतल्या नोकरीचा तात्पुरता व्हिसा आणि एच-फोर हा त्या नोकरदाराच्या नवऱ्याचा किंवा बायकोचा. या दोन्ही व्हिसांच्या अर्जदारांची सोशल मीडिया तपासणी १५ डिसेंबरपासून सुरू झाली. प्रत्येक अर्जाला वेळ जास्त लागणार, म्हणून वकिलातींनी रोजच्या मुलाखतीच कमी केल्या. ज्यांची तारीख डिसेंबरमध्ये होती त्यांना ईमेल आला की तुमची मुलाखत आता मार्चमध्ये किंवा त्याहून पुढे. डिसेंबर म्हणजे आपल्याकडे ऐन लग्नसराई. लग्नासाठी, घरच्यांना भेटायला तीन आठवड्यांच्या रजेवर आलेले लोक इथेच अडकले. त्याआधी सप्टेंबरमध्ये दोन दारं बंद झालीच होती. मुलाखतीशिवाय नुसते कागद टाकून व्हिसा मिळायची ‘ड्रॉपबॉक्स’ सोय बहुतेकांसाठी संपली आणि दुसऱ्याच देशात जाऊन स्टॅम्पिंग करून घ्यायची पळवाटही गेली. सगळे एकाच रांगेत आले. रांग वाढली, यात नवल ते काय!

ही बातमी तुम्ही वाचली असेल. पण व्हिसाच्या रांगा सगळ्या एकसारख्या नसतात, हे बातमीत फारसं येत नाही. आणि नेमकं तेच माहीत नसल्यामुळे आपल्या घरांमधून बरीच चुकीची गणितं मांडली जातात.

वधूवर सूचक मंडळाची वही आठवा. तिथे एक अलिखित उतरंड असते. सगळ्यात वर ‘यूएस सिटिझन’, मग ‘ग्रीन कार्ड होल्डर’, मग ‘एच-वन बी’. मुलीच्या घरच्यांना वाटतं, ग्रीन कार्डवाला म्हणजे पक्का माणूस, आपल्या मुलीचं तिथलं बस्तान लवकर बसेल. प्रत्यक्षात बायकोला तिकडे नेण्याच्या बाबतीत ही उतरंड अर्धी उलटी आहे. एच-वन बीवाला तिथे तात्पुरता असतो, पण त्याच्या बायकोच्या एच-फोर व्हिसाला संख्येची मर्यादाच नाही. अपॉइंटमेंट मिळाली, मुलाखत नीट झाली की विमान. ग्रीन कार्डवाला तिथला कायमचा रहिवासी. पण लग्न जर ग्रीन कार्ड मिळाल्यानंतर झालं असेल, तर त्याची बायको ‘एफ-टू-ए’ नावाच्या गटात जाते आणि या गटाला दरवर्षीचा कोटा आहे. थोडक्यात काय, तात्पुरत्याची बायको पुढे आणि कायमच्याची बायको रांगेत. ऐकायला चक्रम वाटतं, पण कायदा असाच आहे.

म्हणून एखादी केस अडकली असं कळलं की पहिला प्रश्न विचारायचा तो ‘किती दिवस झाले’ हा नाही. विचारायचं, ‘रांग कुठली?’ एक असते कायद्याची रांग, दुसरी कार्यालयाची.

कायद्याची रांग म्हणजे कोट्याची. एफ-टू-ए गटात ग्रीन कार्डधारकांचे नवरे, बायका आणि २१ वर्षांखालची अविवाहित मुलं असे सगळे मिळून जगभरातून वर्षाला साधारण ८८ हजार व्हिसा हा कायद्याने ठरलेला पाया आहे. ही रचना १९९० च्या इमिग्रेशन कायद्यातली. म्हणजे तुमचा जन्मही झाला नव्हता तेव्हाची. अर्ज ज्या दिवशी दाखल होतो ती तुमची ‘प्रायॉरिटी डेट’. अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढतं, त्यात कुठल्या तारखेपर्यंतच्या लोकांचा नंबर लागला ते छापलेलं असतं. रेशनच्या दुकानाबाहेर फळ्यावर टोकन नंबर लिहितात, तसंच हे. फरक इतकाच की हा फळा कधीकधी उलटाही सरकतो. जुलै २०१९ पासून पुढची पावणेचार वर्षं एफ-टू-ए गट ‘करंट’ होता, म्हणजे कोट्यासाठी थांबायची गरजच नव्हती. त्या काळात ज्यांची लग्नं ठरली त्यांना मध्यस्थांनी, नातेवाइकांनी सांगितलं, ‘काही काळजी नको, लगेच होतंय’. एप्रिल २०२३ च्या बुलेटिनमध्ये तारीख धाडकन मागे गेली, सप्टेंबर २०२० वर. त्यानंतर हा मागासलेपणा दोन-तीन वर्षांच्या आसपास हेलकावे खातोय. ज्यांनी त्या आश्वासनावर नोकऱ्या सोडल्या त्यांचं काय झालं असेल, याची कल्पना करा.

इथे एक गैरसमज आहे. ‘इंडियाचा बॅकलॉग आहे ना, म्हणून उशीर’ असं सर्रास ऐकू येतं. नोकरीतून मिळणाऱ्या ग्रीन कार्डबाबत ते खरं आहे. तिथे कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांहून जास्त वाटा मिळत नाही, त्यामुळे भारतीयांची रांग भयानक लांब झालीय. पण एफ-टू-ए गटातले तीन चतुर्थांश व्हिसा या देशनिहाय मर्यादेतून वगळलेले आहेत. त्यामुळे या गटात भारताची तारीख साधारण उरलेल्या जगाबरोबरच चालते. म्हणजे ‘इंडियाचा बॅकलॉग’ हे एका रांगेचं उत्तर दुसऱ्या रांगेला चिकटवणं झालं.

कार्यालयाची रांग वेगळी. नवरा अमेरिकन नागरिक असेल तर त्याच्या बायकोला कोटाच नाही, ती ‘इमिजिएट रिलेटिव्ह’. इमिजिएट म्हणजे ताबडतोब असं मात्र समजू नका. आधी त्याने आय-१३० हा अर्ज करायचा, तो मंजूर व्हायची वाट बघायची. गेल्या काही वर्षांत या एका टप्प्यालाच वर्षाहून जास्त काळ लागतोय. मग फाइल जाते न्यू हॅम्पशायरमधल्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे. तिथे फी, फॉर्म, नवऱ्याच्या उत्पन्नाचं हमीपत्र, जन्मदाखला, लग्नाचा दाखला, पोलीस क्लिअरन्स. सगळे कागद पसंत पडले की मुलाखतीसाठी नंबर. भारतातल्या इमिग्रंट व्हिसाच्या मुलाखती मुख्यतः मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत होतात. केस नंबर ‘बीएमबी’ने सुरू होतो. शहराचं नाव बदलून तीस वर्षं झाली तरी अमेरिकेच्या संगणकात अजून बॉम्बेच आहे! मुलाखतीनंतरही कधीकधी ‘२२१ जी’ची चिठ्ठी हातात पडते, म्हणजे आणखी तपासणी, आणखी थांबा.

हा भेद कळला की काय करायचं तेही कळतं. कार्यालयाच्या रांगेत फाइल खरोखरच कुठेतरी पडून राहू शकते, त्यामुळे तिथे धक्का देऊन उपयोग होतो. नवरा तिथल्या आपल्या मतदारसंघातल्या काँग्रेस सदस्याच्या ऑफिसात जाऊन केसची चौकशी करायला सांगू शकतो. हे वशिल्याचं काम नाही, ती तिथली रीतसर सेवा आहे. फारच अवाजवी उशीर झाला तर फेडरल कोर्टात दाद मागणारेही आहेत. पण कोट्याच्या रांगेत यातलं काहीच चालत नाही. फळ्यावर तुमची तारीख आलेली नसताना खासदार काय किंवा वकील काय, कुणीही नंबर पुढे ओढू शकत नाही. अशा केससाठी ‘मी लवकर करून देतो’ म्हणून पैसे मागणारा एजंट भेटला, तर तो काय विकतोय हे तुमच्या लक्षात यायला हवं.

कोट्याच्या रांगेतून बाहेर पडायचा कायदेशीर रस्ता मुख्यतः एकच. ग्रीन कार्ड मिळून साधारण पाच वर्षं झाली की नवरा नागरिकत्वासाठी अर्ज करू शकतो. तो नागरिक झाला की बायकोची केस कोट्याबाहेर जाते. मग तोवर त्यानेच इथे येऊन राहावं की! घरातली मोठी माणसं हे सहज बोलून जातात. पण ग्रीन कार्डवाला सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिला, तर नागरिकत्वासाठी लागणाऱ्या सलग वास्तव्याच्या हिशेबावर प्रश्नचिन्ह लागतं. आधी परवाना न काढता वर्षाहून जास्त राहिला, तर ग्रीन कार्डच धोक्यात येतं. म्हणून बिचारा तीन आठवड्यांची रजा साठवून वर्षातून एकदा येतो.

आणि एक तारखेचा खेळ, जो लग्न जमवताना कुणीच सांगत नाही. नवऱ्याचं ग्रीन कार्ड नोकरीतून येणार असेल आणि लग्न ते मिळायच्या आधी झालं असेल, तर बायको त्याच्याच केसवर मागोमाग जाऊ शकते, तिला एफ-टू-एची वेगळी रांग नाही. लग्न ग्रीन कार्डनंतर झालं तर आहे. म्हणजे दोन-चार आठवड्यांच्या फरकाने दोन-तीन वर्षं इकडची तिकडे होऊ शकतात. आपण पंचांग बघून मुहूर्त काढतो, साखरपुडा आणि लग्न यात आठ महिने ठेवतो आणि या तारखेकडे कुणाचं लक्षही नसतं. तुमच्या घरात असं स्थळ आलं असेल, तर पत्रिकेआधी ग्रीन कार्डच्या अर्जाचा टप्पा विचारा. आगाऊपणा म्हणतील. म्हणू देत.

आता हे असं का, याकडे जरा बघू. नवरा-बायकोने एकत्र राहावं, याला जगात कुठल्याच राजकीय पक्षाचा उघड विरोध नसतो. तरी नियम कडक होतात ते जोडीदारासाठीच. ब्रिटनने जानेवारी २०२४ पासून नेहमीच्या मास्टर्सला जाणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना जोडीदार सोबत न्यायला बंदी केली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, ब्रिटनमध्ये स्थायिक असलेल्याला परदेशातला जोडीदार आणायचा असेल तर लागणारं किमान उत्पन्न वर्षाला १८,६०० पौंडांवरून २९,००० पौंडांवर नेलं. कॅनडाने २१ जानेवारी २०२५ पासून विद्यार्थ्यांच्या जोडीदारांना सरसकट मिळणारा वर्क परमिट बंद केला. आता तो मिळतो विद्यार्थी किमान १६ महिन्यांच्या मास्टर्सला, पीएचडीला किंवा ठरावीक व्यावसायिक कोर्सला असेल तरच. जर्मनीत २००७ पासून जोडीदाराला निघायच्या आधीच ए-वन पातळीची जर्मन परीक्षा पास व्हावी लागते. पुण्या-मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनात तुमच्या बाकावर बसलेल्या सगळ्याच काही जर्मन विद्यापीठांत चाललेल्या नसतात, काही जणी नवऱ्याकडे जायची परीक्षा देत असतात. मात्र नवरा ‘ब्लू कार्ड’वर, म्हणजे उच्चशिक्षितांच्या नोकरीच्या परवान्यावर असेल, तर बायकोला ही अट माफ!

या माफीतच सगळं गणित उघडं पडतं, असं मला वाटतं. सरकारांना ‘स्थलांतर कमी केलं’ असा आकडा मतदारांना दाखवायचा असतो. कामगार कमी केला तर कंपन्या ओरडतात. विद्यार्थी कमी केला तर फीवर चालणारी विद्यापीठं ओरडतात. जोडीदारासाठी ओरडणारं कुणी नाही. अमेरिकेतल्या ग्रीन कार्डधारकाला तर राष्ट्रीय निवडणुकीत मतही नाही आणि त्याची बायको सात समुद्रांपलीकडे. मग हा कोटा वाढवायला कुठला नेता आपली ताकद खर्च करणार? कोर्टाकडूनही फार आशा नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये ‘मुन्योझ’ खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की परदेशी जोडीदाराला देशात प्रवेश मिळावा, असा नागरिकाचा मूलभूत घटनात्मक हक्क नाही. तिथे याचिका करणारी पत्नी अमेरिकन नागरिक होती, हे लक्षात घ्या. ग्रीन कार्डवाले तर त्याच्याही खालच्या पायरीवर.

पण मनात आणलं तर उपाय निघतो. अमेरिकेनेच डिसेंबर २००० मध्ये ‘व्ही’ नावाचा व्हिसा काढला होता. ग्रीन कार्डधारकाची बायको तीन वर्षं रांगेत असेल, तर तिने उरलेली वाट तिकडे येऊन, नवऱ्याबरोबर राहून, नोकरी करत बघावी. किती साधी गोष्ट! मात्र तो फक्त २१ डिसेंबर २००० पर्यंत ज्यांचे अर्ज दाखल झाले होते त्यांच्यापुरता होता. ती तारीख नंतर कुणी पुढे नेली नाही.

बरं, धोरण बदलेल तेव्हा बदलेल. आज रांगेत जी उभी आहे तिने काय करायचं?

सगळ्यात आधी कागद स्वतःकडे घ्यायचे. आपल्याकडे होतं काय, अर्ज नवऱ्याने केलेला असतो, ईमेल त्याचा, वकील त्याचा आणि इथे पाठपुरावा सासरे किंवा वडील करतात. जिच्या आयुष्याचा प्रश्न आहे तिला फक्त ‘चालू आहे’ एवढंच कळतं. अर्ज दाखल झाला की पावती मिळते, तिच्यावर तीन अक्षरं आणि दहा आकडे असा रिसीट नंबर असतो. तो अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या वेबसाइटवर टाकला की केस कुठे आहे ते फोनवर दिसतं, लॉगिनही लागत नाही. पुढच्या टप्प्यावर ‘बीएमबी’वाला नंबर मिळाला की परराष्ट्र खात्याच्या साइटवर तसंच. डेव्हिड मेस्टर नावाच्या अभ्यासकाने १९८५ मध्ये रांगांच्या मानसशास्त्रावर लिहिताना दोन साध्या गोष्टी नोंदवल्या होत्या. किती वेळ लागणार हे माहीत नसलेली वाट जास्त लांब वाटते आणि का थांबलोय हे न सांगितलेली वाटही जास्त लांब वाटते. तो बँका, हॉटेलं अशा ठिकाणच्या रांगांबद्दल बोलत होता. व्हिसाच्या रांगेला ते दुप्पट लागू आहे. व्हिसा बुलेटिन महिन्यातून एकदा येतं. त्यामुळे रोज सकाळी स्टेटस बघणं म्हणजे रिझल्टची तारीख माहीत असूनही रोज विद्यापीठाची साइट रिफ्रेश करण्यासारखं. महिन्यातून एकदा दोघांनी व्हिडिओ कॉलवर एकत्र बघायचं आणि लॅपटॉप मिटायचा.

मग कागदांतली नावं. हा अस्सल मराठी घोळ आहे. आपल्याकडे मधलं नाव आधी वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं आणि काही घरांत पहिलं नावही बदलतात. पासपोर्टवर एक, लग्नाच्या दाखल्यावर दुसरं, जन्मदाखल्यावर तर काहींच्या नावाची जागाच कोरी. आपल्या तलाठ्याला किंवा वॉर्ड ऑफिसातल्या क्लार्कला यात काही विशेष वाटत नाही, परदेशी अधिकाऱ्याला या तीन वेगळ्या बायका वाटतात. थांबायचे महिने आहेतच हातात, तर दाखले तेव्हाच दुरुस्त करून घ्यावेत. मेडिकल मात्र आधी करून ठेवू नये. ते साधारण सहा महिनेच चालतं आणि मुलाखतीची तारीख आल्यावरच करायचं असतं.

‘तोवर टुरिस्ट व्हिसावर जाऊन ये ना’ हा सल्ला हमखास मिळतो. अर्ज करायला मनाई नाही, पण मिळण्याची शक्यता कमी. व्हिजिटर व्हिसा देताना अधिकारी गृहीत धरतो की तुम्ही परत येणार नाही, आणि परत येणार हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची. ‘माझा नवरा तिथे आहे, माझी कायमच्या व्हिसाची केस चालू आहे’ असं म्हटल्यावर काय सिद्ध करणार? मग काही एजंट सुचवतात, फॉर्मवरच्या ‘तुमच्यासाठी कुणी इमिग्रंट पिटिशन केलंय का’ या प्रश्नापुढे ‘नाही’ लिहा. हे कधीही करू नका. खोटी माहिती दिली असं ठरलं तर कायमची प्रवेशबंदी होऊ शकते, म्हणजे खरी केससुद्धा बुडाली. अनेक जोडपी त्यापेक्षा थायलंडला, श्रीलंकेला किंवा दुबईला भेटतात. खर्च होतो, पण ती तिकिटं आणि एकत्र फोटो पुढे लग्न खरं असल्याचा पुरावा म्हणूनही उपयोगी पडतात.

नोकरी आणि शिक्षण. यावर माझं मत अगदी ठाम आहे, पासपोर्टमध्ये व्हिसा चिकटेपर्यंत राजीनामा द्यायचा नाही. अमेरिकेचं परराष्ट्र खातं स्वतःच सांगतं की व्हिसा हातात पडेपर्यंत पक्की तिकिटं काढू नका, घरदार विकू नका. आपण मात्र लग्नाच्या हॉलचं बुकिंग झालं की एचआरला मेल टाकतो. आणि तिकडे गेल्यावर लगेच नोकरी मिळेल, हाही भ्रम. एच-फोरवर गेलेल्यांना मुळात कामाची परवानगीच नव्हती. मे २०१५ पासून मिळू लागली, तीही नवऱ्याची ग्रीन कार्ड प्रक्रिया ठरावीक टप्प्यापर्यंत पोहोचली असेल तरच. ही परवानगी वापरणाऱ्यांत बहुसंख्य भारतीय बायका आहेत. नूतनीकरणाला उशीर झाला तरी जुना परवाना काही काळ आपोआप चालू राहायचा, ती सोय ३० ऑक्टोबर २०२५ पासून नव्या अर्जांसाठी काढून टाकली. म्हणजे नवा कागद वेळेत आला नाही तर चालू नोकरी थांबणार. इथे अर्धवट सोडलेली पदवी तिकडे कुठल्याही रांगेत उपयोगी पडत नाही. दोन वर्षं थांबायचंच असेल, तर दोन वर्षांचा मास्टर्स तेवढ्यात पूर्ण होतो, हा साधा हिशेब आहे. समजा व्हिसा मध्येच आलाच, तर इमिग्रंट व्हिसावर प्रवास करायला साधारण सहा महिन्यांची मुदत असते. एक सेमिस्टर बसतं त्यात.

राहायचं कुठे, हा नाजूक विषय. नवरा कॅलिफोर्नियात, आणि सून सासरी, त्याच्या आईवडिलांबरोबर. ज्याच्यामुळे ते घर आपलं व्हायचं तोच तिथे नाही. रात्री नऊला जेवणं आटपून फोन लावावा तर हिवाळ्यात तिकडे सकाळचे साडेसात, त्याची ऑफिसची घाई. काहींचं सासरी छान जमतं, नवऱ्यापेक्षा सासूशी जास्त ओळख होते. काहींचा जीव गुदमरतो. माहेरी राहिलं तर शेजारी विचारतात. कुठे राहायचं हे लग्नाआधीच दोघांनी मोकळेपणाने बोललेलं बरं, कारण व्हिसा येईपर्यंतची व्यवस्था बघताबघता दोन वर्षांची होते. नवरेही या काळात सुखात नसतात. एकटेपणा, घरचे दोन्हीकडून विचारणारे आणि ‘मीच काहीतरी चुकीचं भरलं असेल’ ही बोच. पण त्याची नोकरी, त्याचे मित्र, त्याचं गाव जागेवर असतं. थांबलेलं असतं ते तिचं.

आणि एक शेवटची गोष्ट, थोडी कडू. प्रत्येक उशीर सरकारचा नसतो. लग्न करून, सोनंनाणं घेऊन गेलेला नवरा ‘व्हिसाचं चालू आहे’ म्हणत राहतो आणि अर्ज दाखलच केलेला नसतो, अशाही तक्रारी येतात. खरी रांग आणि खोटी सबब यांतला फरक ओळखायला तोच वर सांगितलेला रिसीट नंबर कामी येतो. अर्ज केला असेल तर नंबर असतोच. लग्नाला सहा-आठ महिने होऊनही तो मिळत नसेल, विचारल्यावर भांडण होत असेल, तर ताईच्या घरच्यांशी तुम्ही बोला. राष्ट्रीय महिला आयोगात अनिवासी भारतीयांशी झालेल्या लग्नांसाठी २००९ पासून वेगळा कक्ष आहे, तिथे तक्रार ऑनलाइन करता येते. परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ पोर्टलही आहे, त्यावरून तक्रार तिकडच्या भारतीय वकिलातीपर्यंत पोहोचते. दोन्हीकडे लग्नाचा नोंदणी दाखला आणि नवऱ्याच्या पासपोर्ट-व्हिसाची प्रत हाताशी असली की काम सोपं होतं. या प्रती लग्नाच्या आठवड्यातच मागून घ्याव्यात, तो इथे असतो तेव्हा.